मुलांची चित्रं वाचण्याआधी ऐका

पंचवटीत माझी छोटी बालवाडी आहे. गोदेला पूर आला की पुढचे काही दिवस आमच्याकडे प्रत्येक कागदावर दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती, पूर किती चढला ते नाशिककर तिच्यावरून ठरवतात) बुडतो. कुणाचा कमरेपर्यंत, कुणाचा गळ्यापर्यंत. पालक विचारतात, "ताई, पोर घाबरलंय का?" बहुतेकदा नाही. घरात दिवसभर 'पाणी कुठवर आलं' हीच चर्चा असते, तीच कागदावर उतरते.

काळा खडू म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असली कोष्टकं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. सोडून द्या. पुष्कळदा डब्यात काळाच तेवढा धड उरलेला असतो. ३-४ वर्षांचं मूल डोक्यालाच हातपाय जोडतं, तेही वयाला धरूनच.

पाठकोरे कागद हाताशी ठेवा, विषय देऊ नका, शेजारी भाजी निवडत बसा. टक लावून बघितलंत तर डोंगर, सूर्य, झोपडीच मिळेल. चित्र झालं की लगेच "छान!" नको. "सांग ना याच्याबद्दल," म्हणा. मग "हा कुठे चाललाय?" सांगेल ते त्याच्याच बोलीत मागे लिहा, तारीख टाका. चित्रात आई नसेल तर दचकू नका, "घरी अजून कोण असतं?" एवढंच विचारा. एकीने मला सुनावलं होतं, "आई अंबडला ड्युटीवर आहे, मग कशी काढू?"

चित्र न काढणाऱ्याला गोष्ट सुरू करून द्या: "मांजराच्या पिल्लाला रात्री झोपच येईना. का बरं?" आणि गप्प बसा. पिल्लाच्या आडून मूल मोकळं बोलतं. "मग पिल्लाने कुणाला सांगितलं?" हा माझा लाडका प्रश्न. उत्तरात कुणाचंच नाव येत नसेल तर ते मी टिपून ठेवते.

एका चित्राने काही ठरत नाही. पण काही आठवडे तेच ते मारामारीचं चित्र, सोबत झोप उडालेली, खेळ थांबलेला, अंथरूण पुन्हा ओलं, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे. मारहाणीचं किंवा नकोशा स्पर्शाचं काही निघालं तर खोदून विचारू नका, पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.

आणि ही चित्रं फॅमिली ग्रुपवर टाकायची नाहीत. फ्रिजवर लावायची तरी आधी मुलाला विचारायचं.