ऐतिहासिक कादंबरी लिहिताय? संशोधन आणि गोष्ट यांच्या ओढाताणीतल्या या चुका टाळा

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात भर दुपारी गारदी (पगारी पहारेकरी शिपाई) घुसले आणि जेमतेम अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे मारले गेले. मराठीत ऐतिहासिक काही लिहू पाहणाऱ्या बहुतेकांना हा प्रसंग कधी ना कधी खुणावतो. साधनं भरपूर, दंतकथा त्याहून भरपूर आणि शेवट वाचकाला आधीच पाठ. त्यामुळे लिखाण फसण्याच्या जवळपास सगळ्या जागा इथे एकत्र सापडतात. खालची उदाहरणं म्हणूनच बरीचशी याच दुपारची आहेत.

वाड्याच्या वर्णनात पेशवा हरवतो

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. पहिल्या प्रकरणात वाड्याचं बांधकाम १७३० साली सुरू झाल्याचं कळतं, मग दिल्ली दरवाजा, त्यावरचे खिळे, नगारखाना, कारंजी, दिवाणखान्यांची नावं. चार पानांनंतर एक माणूस बोलतो. तोही म्हणतो, "आपल्याला ठाऊकच आहे की, थोरले माधवराव गेल्या कार्तिकात थेऊरला वारले." समोरच्याला ठाऊकच आहे, तर सांगतोस कशाला?

लेखकाने कष्टाने मिळवलेली माहिती त्याला सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण जीव वाचवायला काकाच्या, म्हणजे राघोबादादांच्या, दालनाकडे धावणारा मुलगा महिरपी बघत नाही. त्याला दिसतं ते इतकंच, की कुठला दरवाजा उघडा आहे आणि कुठला बंद. वाड्याचा नकाशा तुम्हाला पाठ हवाच, कारण तो कुठून कुठे पळू शकला असता आणि कुठे अडला, हे त्यावर ठरतं. मात्र तो नकाशा वाचकाला पाठ करायला लावायचा नाही.

मी हस्तलिखित वाचताना प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारतो. यामुळे कुणाची वाट अडली का, किंवा मोकळी झाली का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर तो तपशील वहीत ठेवा. संशोधनाचं काम पात्रांना सजवण्याचं नसून त्यांना अडचणीत आणण्याचं आहे.

याच दिवसातला एक तपशील बघा. नारायणराव त्या सकाळी पर्वतीला गेले होते. कटाची कुणकुण लागल्यावर त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं आणि हरिपंत आधी जेवायला गेले, असं जुन्या वृत्तांतांत येतं. सगळ्या नक्षीकामापेक्षा हे एक जेवण कादंबरीकाराला जास्त मोलाचं आहे. त्या ताटात काय होतं, पंगतीला कोण होतं, "एवढं आटोपून निघू" असं त्यांना का वाटलं? इथे कल्पनेला पूर्ण मोकळीक आहे आणि प्रसंगाला साधनांचा आधारही आहे. अशा जागा शोधायलाच तर दफ्तरं चाळायची.

बातमी पात्रांना फार लवकर कळते

कथानक लंगडं वाटत असेल, तर आधी हे तपासा. आपल्या हातात फोन असल्याने आपली पात्रंही नकळत तसं वागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले होते, आणि भेलशाजवळ (आजचं विदिशा) त्यांच्या हाती ती सावकारी पत्राची बातमी लागली २४ जानेवारीच्या सुमारास. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, ती; पडलेल्या माणसांची सांकेतिक बातमी. म्हणजे दहा दिवस पेशवा अशा सैन्याचा विचार करत होता, जे उरलेलंच नव्हतं. हे दहा दिवस कुठल्याही रणधुमाळीच्या वर्णनापेक्षा भयंकर आहेत. जासूद किती वेगाने जातो, वाटेत नदीला पाणी आहे का, हे आधी काढा. निम्मं कथानक तिथेच सुटतं.

'ध'चा 'मा' करायचा की नाही?

राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी गारद्यांना दिलेल्या हुकुमात 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही गोष्ट शाळेपासून आपल्या कानावर आहे. ज्या कागदावर हा फरक केला म्हणतात, तो मूळ कागद आज हाती नाही. "काका मला वाचवा" हेही तसंच, लोकांच्या तोंडी टिकलेलं. मग लेखकाने काय करायचं?

इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक जण दंतकथा जशीच्या तशी उचलतो आणि सगळा कट एका बाईच्या बोरूवर ढकलतो. त्यात गारद्यांचा थकलेला पगार, नजरकैदेतल्या राघोबादादांची चडफड, दरबारातले आतले हेवेदावे, सगळंच वाया जातं. मला हा आळस वाटतो. दुसरा जण दंतकथा खोडून काढायला निघतो आणि कादंबरीचा मधला भाग प्रबंध होतो.

तिसरी वाट अशी, की अफवेला अफवा म्हणूनच कथेत येऊ द्या. रामशास्त्री चौकशी करत असताना पुण्याच्या पेठांमध्ये हे अक्षर पहिल्यांदा कुणी उच्चारलं असेल? ते खरं मानण्यात कुणाचा फायदा होता? असं केलं की दंतकथाही राहते आणि लेखक खोटं बोलल्याचा ठपकाही येत नाही. बखरीचा उपयोगही असाच करावा. घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून तिच्यावर विसंबू नये. लोकांना काय घडलंसं वाटत होतं, ते मात्र तिच्याइतकं कुणी सांगत नाही.

तारखा

कंटाळवाणा विषय आहे, पण पत्रं ताडून पाहताना इथेच घोळ होतो. पेशवाईतल्या पत्रांवर अनेकदा 'छ' लिहून मुसलमानी चंद्रतारीख असते आणि सन सुहूर (अरबी नावांनी लिहायचं वर्ष) असतो. तो शकाशी जुळवायला जंत्री (तारखांचं कोष्टक) लागते, अंदाजाने जमत नाही. शिवकालात आणखी एक खोच आहे. सुरतेचे इंग्रज जुनी ज्युलियन तारीख लिहीत, गोव्याचे पोर्तुगीज नवी ग्रेगोरियन. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचं अंतर होतं. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. इंग्रजी पत्रातली घटना आधी घडली आणि पोर्तुगीज पत्रातली दहा दिवसांनी, असं समजून कुणी कट रचला, तर तो कट पंचांगातच कोसळतो.

आणि पानिपतावर संक्रांतीचा तिळगूळ वाटू नका. तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा होता. १४ जानेवारी आहे म्हणून संक्रांत, हे आजचं गणित झालं. त्या काळी संक्रांत चारएक दिवस आधी येत असे.

स्वयंपाकघर

उपासाला साबुदाण्याची खिचडी करणारी पेशवीण अजूनही भेटते. आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि सेलमकडचा त्याचा धंदा १९४० च्या दशकात उभा राहिला. बटाटा, टोमॅटो, सकाळचा चहा, सगळे काढून टाका. मिरचीला मात्र घाबरू नका, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकातच आली होती.

संवाद

सगळी पात्रं कीर्तनकारासारखी संस्कृतप्रचुर बोलू लागली की वाचक पान उलटतो. अठराव्या शतकातली मराठी फारसी शब्दांनी भरलेली, रोखठोक आणि पुष्कळदा पैशांच्या हिशेबात गुंतलेली होती. "बहुत काय लिहिणे" म्हणून संपणारी पत्रं मोठ्याने वाचा. पन्नास पत्रांनंतर कानात एक चाल बसते. तिची नक्कल करू नका. तुमच्या आजच्या वाक्यांना तिचा हलका वास लागला, की पुरे.

संबोधनं मात्र काटेकोर हवीत. महाराज म्हणजे साताऱ्याचे छत्रपती. पेशवे श्रीमंत. पेशव्याला "महाराज" म्हणणारा कारकून कादंबरीत आला, की जाणकार वाचकाचा पुढच्या सगळ्या मजकुरावरचा विश्वास उडतो.

'अजून थोडं वाचतो, मग लिहितो'

इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड. सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस. पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी रुमाल (कागदांची गाठोडी) वेगळेच. हे पुरं करून लिहायला बसू म्हणणारा कधीच बसत नाही, आणि मनातून त्याला ते सोयीचंही असतं.

उपाय साधा आहे. प्रसंग आधी लिहा, कच्चा लिहा. माहिती नसेल तिथे फुल्या मारून पुढे जा: "हरिपंत ××× च्या घरी जेवले." मसुदा संपला की फुल्यांची यादी करा आणि तेवढ्याच गोष्टी शोधायला जा. निम्म्या फुल्या दुसऱ्या खर्ड्यात आपोआप गळतात, कारण तो प्रसंगच उडालेला असतो. उरलेल्यांसाठी दफ्तरात गेलात, तर काय हवं ते ठाऊक असतं आणि तिथला माणूसही नीट मदत करू शकतो.

शेवट माहीत आहे, मग उत्कंठा कुठून आणायची?

हा प्रश्न लेखकाला सतावतो, आणि घाबरून तो बनावट गुपितं, बनावट प्रेमकथा घुसडतो. गरज नसते. शेवट वाचकाला माहीत आहे, पात्रांना नाही. खुनानंतर राघोबादादांना पेशवेपद मिळालं. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना पुरंदरावर नेलं आणि सगळं राजकारण न जन्मलेल्या मुलाच्या नावावर उभं केलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. हे आपण एका ओळीत वाचतो. पण पुरंदरावर कुणाला माहीत होतं की मुलगाच होणार? नाना फडणीस, सखारामबापू, गडावरची सुईण, खाली दाणागोटा पुरवणारा वाणी, हे सगळे ते महिने कसे जगले असतील? मुलगी झाली तर काय करायचं, याची कुजबुज कुठल्या दोघांत झाली असेल?

तुमचं हस्तलिखित शेवट माहीत असल्यामुळे थंड पडलं असेल, तर प्रसंग नायकाच्या खांद्यावरून सांगणं थांबवा. त्या सुईणीकडे द्या.