गोळी सुरू करायच्या आधी गाठीचा जीन रिपोर्ट कसा वाचायचा

इंदूरातल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो, की अमक्या काकांना फुफ्फुसाच्या कॅन्सरमधे नुसत्या गोळीनी एवढा फरक पडला मग आमच्या बाबांना तीच का नाही देत. कारण ती गोळी त्या गाठीतल्या एका ठराविक बिघडलेल्या जीनवर काम करते, तो बिघाडच नसेल तर पैसे जातात आणि वेळही जातो, आणि वेळ जास्त महत्त्वाचा.

आधी बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी, ताब्यात घ्या, नुसत्या स्लाइड नाही. त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवून बघा. अवंतिका एक्सप्रेसनी मुंबईला, परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात घेऊन जाणार असाल तर मे महिन्यात बंद कारमधे उन्हात ठेवू नका, ते मेणच आहे हो, मऊ पडतं. हाडातून तुकडा काढणार असतील तर जीन टेस्ट करायचीये हे आधीच सांगा, कारण हाड मऊ करायला कडक ॲसिड वापरलं की डीएनए खराब होतो.

आता रिपोर्ट. नुसतं "ईजीएफआर पॉझिटिव्ह" (म्हणजे ईजीएफआर नावाच्या जीनमधे बिघाड सापडला) वाचून खूश होऊ नका, पुढची ओळ वाचा. एक्झॉन म्हणजे जीनचा एक भाग. एक्झॉन १९ डिलीशन (त्या भागातला तुकडा गळलेला) किंवा एल८५८आर (एका ठिकाणचा बदल) असेल तर जेफिटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्या सहसा चांगल्या लागू पडतात. एक्झॉन २० इन्सर्शन (जास्तीचा तुकडा घुसलेला) असेल तर याच गोळ्या बहुतेकदा चालत नाहीत. पण टी७९०एम नावाचा बदल पण एक्झॉन २० मधेच असतो आणि त्याच्यावर ओसिमर्टिनिब चालते, म्हणून एक्झॉनचा आकडा नाही, म्युटेशनचं, म्हणजे बिघाडाचं, पूर्ण नाव बघायचं. सोबत एएलके आणि आरओएस१ हे दुसरे दोन जीन तपासलेत का तेही विचारा.

"सापडलं नाही" आणि "सॅम्पल अपुरं" यात खूप फरक आहे, दुसरं असेल तर टेस्ट झालीच नाही असं समजा. रक्तातली जीन टेस्ट निगेटिव्ह आली तरी गाठीच्या तुकड्यावरची करावी, कारण प्रत्येक गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडतेच असं नाही.

रिपोर्टची वाट बघताना पेशंटला फार त्रास असेल तर डॉक्टर केमो सुरू करतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध) घाईनी सुरू करत असतील तर नक्की विचारा, कारण तिच्यामागून लगेच ओसिमर्टिनिब दिली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो.

आणि गोळी चालता चालता गाठ परत वाढली तर जुन्या रिपोर्टवर भागवू नका, परत टेस्ट करायला सांगा. जेफिटिनिब घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांमधे तेव्हा टी७९०एम सापडतो, म्हणजे पुढची गोळी हातात असते.