बार्ले पायी कसं फिरावं: एका भूकरमापकाच्या सूचना

भूमी अभिलेख खात्यात मी 31 वर्षं मोजणी केली. लेक नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला असते, तिच्याकडे गेलो की बार्लेची एक फेरी ठरलेली. आपली बरीच माणसं तिथं जातात, रस्त्यावरच्या देशसीमेच्या पांढऱ्या खुणांच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढतात आणि पुढच्या बसने परततात. मला हळहळ वाटते. गावाचा अख्खा फाळणी नकाशा, म्हणजे जमिनीचे हिस्से कसे पडले ते दाखवणारा नकाशा, पायाखाली पसरलेला असतो आणि माणूस बूट बघून घरी जातो.

निघण्याआधी एवढं समजून घ्या. बार्ले हे दिसायला एक गाव, पण नगरपालिका दोन. बार्ले-नास्साउ नेदरलँड्सची, बार्ले-हेर्तोख बेल्जियमची. बेल्जियमची मुख्य हद्द इथून दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर आहे, तरी डच जमिनीत बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेले आहेत. त्यांच्या पोटात पुन्हा 7 डच तुकडे. त्यातले 6 एकट्या सर्वांत मोठ्या बेल्जियन तुकड्यात आहेत.

हे कुणी मुद्दाम आखलेलं नाही. हा केंपेनचा सपाट, वाळूचा मुलूख. झुडपी माळ भरपूर आणि पिकाऊ जमीन थोडी. 1198 मध्ये ब्राबांतच्या ड्यूकने इथली जमीन ब्रेडाच्या सरदाराला दिली, पण जी आधीच आपल्या माणसांकडे कसायला होती ती स्वतःकडे ठेवली. हेर्तोख म्हणजे ड्यूक. पुढे 1403 मध्ये ब्रेडाच्या वारसदार मुलीचं लग्न नास्साउ घराण्यात झालं, म्हणून दुसऱ्या अर्ध्याला ते नाव. आपल्याकडे 1947 चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला, गटवारी झाली, विखुरलेली शेतं एकत्र आली. बार्लेत देशांच्या हद्दींची तशी तुकडेजोड झाली नाही. आठशे वर्षांपूर्वीचे पोटहिस्से पुढे देशांच्या सीमा होऊन बसले.

गावात रेल्वे येत नाही. ब्रेडा किंवा टिलबर्गपर्यंत ट्रेनने जा, पुढे बस. सायकल चालवत असाल तर टिलबर्गहून सायकलनेच जा. 1867 मध्ये सुरू झालेल्या टिलबर्ग-टर्नहाउट रेल्वेमार्गावर आता सायकलवाट आहे, सरळ आणि चढाव नसलेली.

पोचल्यावर पर्यटन केंद्रातून कागदी नकाशा घ्या. पहिल्या खेपेला मी मोबाईलवर विसंबलो. दहा पावलांवर देश बदलतो आणि मोबाईलचा ठिपका तेवढ्यानं इकडचा तिकडे होतो. तासभर नुसता गोल फिरलो. नकाशा हातात आला की आधी सेंट रेमिगियसचं चर्च शोधा. ते बेल्जियममध्ये आहे, आणि उंच असल्यामुळे कायम खूण म्हणून फार उपयोगाचं. वाट चुकली की तिथं परत यायचं.

आता एकच रेषा धरा. फरसबंदीत पांढरे क्रॉस बसवलेत, एका अंगाला ‘बी’, दुसऱ्या अंगाला ‘एनएल’. रेषा दुकानाच्या भिंतीत शिरली की सोडून देऊ नका. इमारतीला वळसा घाला, मागच्या गल्लीत ती कुठं बाहेर पडते ते शोधा आणि खुणेला खूण जुळवा. रेषा मध्येच काटकोनात का वळली असा प्रश्न पडेल. तिथं कुणाच्या तरी शेताचा बांध होता, एवढंच उत्तर पुरतं. 2020 च्या मार्चमध्ये अशाच एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियन अर्धा भाग टाळेबंदीत बंद होता आणि डच अर्ध्यात विक्री चालू होती.

मग घरांचे नंबर वाचा. पाटीवर त्या त्या देशाच्या झेंड्याचे रंग असतात. घरातून सीमा जात असेल तर पुढचं दार ज्या देशात, त्या देशाचं घर, असा इथला रिवाज. लोवरेन रस्त्यावर एका घराच्या मात्र दाराच्या मधूनच सीमा जाते. दाराच्या एका बाजूला 2 नंबर, दुसऱ्या बाजूला 19. मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा होतो. उंबऱ्याशी येणारी रेषा पाहिली आणि आमच्याकडे वाटणीत माजघराच्या मधोमध घातलेल्या कुडाच्या भिंती आठवल्या. तिथं लोक राहतात, तेव्हा बेल वाजवू नका.

पहिल्या महायुद्धात या तुकड्यांची किंमत कळली. जर्मनांनी बहुतेक सगळा बेल्जियम घेतला, पण बार्ले-हेर्तोखपर्यंत पोचायचं तर तटस्थ नेदरलँड्स ओलांडावं लागे. त्यामुळे हे तुकडे मोकळे राहिले, आणि 1915 मध्ये इथं दोस्त राष्ट्रांसाठी बिनतारी केंद्र उभं राहिलं.

वेळ असेल तर शेवटी दक्षिणेला झोंडरआइगेनकडे जा. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे तीर्थच. 1843 मध्ये दोन्ही देशांची हद्द ठरली, पण 214 आणि 215 नंबरच्या सीमाखांबांमध्ये अखंड रेषा आखता आली नाही. म्हणून 5,732 भूखंड एकेक करून लिहून काढले. त्याआधी 1841 मध्ये दोन्ही नगरपालिकांनी केलेल्या नोंदीत झोंडरआइगेनचे 91 आणि 92 नंबरचे भूखंड नास्साउचे होते. 1843 च्या दस्तात तेच हेर्तोखचे झाले. नकलेत फरक पडला की काय होतं हे मोजणीवाल्याला सांगायला नको. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि 20 जून 1959 रोजी 10 विरुद्ध 4 मतांनी जमीन बेल्जियमला मिळाली. बार्लेची सगळी सीमा पक्की व्हायला 1995 उजाडलं.

त्या भूखंडांवर बघण्यासारखं काही बांधलेलं नाही, तेव्हा नंबर नकाशावर आधीच पेनाने खुणावून न्या. सायकल रस्त्याच्या कडेला लावा, शेतात उतरू नका. मी बांधावर उभा राहून अंदाजाने पावलं टाकली, रुंदी वहीत टिपली आणि खाली तारीख घातली.