नंबरपॅड कापून कीबोर्ड आखूड करताय? या चुका टाळा

१०४ बटणांच्या पूर्ण कीबोर्डमधून नंबरपॅडची १७ बटणं काढली की ८७ उरतात आणि टेबलावर जवळपास ८ सेंटीमीटर जागा मोकळी होते. माउस तेवढा आत सरकतो, उजवा हात लांब फेकावा लागत नाही. काम वरून सोपं दिसतं: खूण करा, कापा, झालं. पण कापलेले बहुतेक कीबोर्ड भंगारात जातात ते आरी वाकडी गेली म्हणून नव्हे. आरीखाली काय येतंय ते आधी बघितलेलं नसतं, म्हणून जातात.

नंबरपॅड खरंच नकोय ना?

मोंढ्यात आडतीवर टॅलीमध्ये दिवसभर पट्ट्या टाकणाऱ्याने हा उद्योग करू नये. वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं एका हाताने जातं ते नंबरपॅडमुळेच. वरच्या ओळीतल्या आकड्यांवर तो वेग येत नाही.

दुसरा गट डीटीपीवाल्यांचा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं आणि चिन्हं ऑल्ट धरून आकडे मारले की येतात. हे आकडे नंबरपॅडवरचेच लागतात. विंडोजमध्ये वरच्या ओळीतले चालत नाहीत. लग्नपत्रिका अर्ध्यावर आल्यावर हे आठवून उपयोग नाही. युनिकोड इन्स्क्रिप्टवर काम करणाऱ्याला ही अडचण नाही, कारण त्यात मराठी अक्षरं नंबरपॅडवर नसतातच. आकडे कधीमधीच लागत असतील तर वेगळा यूएसबी नंबरपॅड घ्या आणि हवा तेव्हा लावा.

मेम्ब्रेन कीबोर्डला आरी लावणे

ऑफिसात आणि सेवा केंद्रात दिसणारे स्वस्त कीबोर्ड बहुतेक मेम्ब्रेनचे. आत प्लास्टिकचे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर वीजवाहक शाईच्या रेघा छापलेल्या असतात, मधला पडदा भोकं पाडलेला. या रेघांवर सोल्डरिंग होत नाही, गन टेकवली की पडदाच वितळतो. त्यात कंट्रोलरची छोटी पट्टी बऱ्याचदा उजवीकडे वर, नम लॉकच्या दिव्यांखाली बसवलेली असते. म्हणजे कापाल तो भाग मेंदूसकट जाणार. चांदीच्या शाईचं पेन घेऊन रेघा जोडायचा प्रयत्न करता येतो, पण तो टिकत नाही. मेम्ब्रेन असेल तर सोडून द्या.

पुढचं सगळं मेकॅनिकल कीबोर्डबद्दल आहे. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, खाली फायबरचा पीसीबी (तांब्याच्या रेघा असलेला सर्किट बोर्ड), आणि बहुतेकांत प्रत्येक स्विचला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग). जुन्या टीव्हीएस गोल्डसारखे, चेरीचे निळे स्विच असलेले कीबोर्ड या कामाला घेतात. आरजीबी दिव्यांचे कीबोर्ड मात्र टाळा. त्यात दिव्यांच्या रेघांचं दुसरं जाळं असतं आणि काम दुप्पट होतं.

कंट्रोलर कुठे आहे ते न बघणे

कव्हर उघडून पीसीबी उलटा करा. सगळ्यात जास्त पाय असलेली चौकोनी चिप आणि यूएसबी वायर जिथे येते ती जागा शोधा. दोन्ही बाण-बटणांच्या डावीकडे असतील तर पुढे जा. चिप नंबरपॅडखाली असेल तर हा पीसीबी कापायचा नाही.

तरीही त्याच कीबोर्डचा हट्ट असेल तर मूळ चिप विसरून रास्पबेरी पाय पिको हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवा आणि त्यात क्यूएमके हे कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर टाका. इथे पिना आधी मोजा. ८७ बटणं ६ रो (आडव्या रेघा) आणि १७ कॉलममध्ये (उभ्या रेघा) बसवली तर दर रेघेला एक अशा २३ पिना लागतात, आणि पिकोवर वापरता येणाऱ्या २६ असतात. मूळ पीसीबीची मांडणी ८ रो, १८ कॉलम अशी निघाली तर बरोबर २६ लागतील आणि कॅप्स लॉकच्या दिव्याला एकही उरणार नाही. प्रो मायक्रो हा दुसरा छोटा बोर्ड आणून फसणारे बरेच असतात. त्यावर १८ पिना मिळतात. ९ गुणिले ९ केलं तरी ८१च होतात, ८७ भरत नाहीत.

आरी आधी, विचार नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पीसीबीवर बटणं रो आणि कॉलमच्या जाळ्यात जोडलेली असतात. एखादी रेघ होम-एंडच्या बटणांपासून निघून नंबरपॅडमधून वळसा घेते आणि परत बाणांकडे येते. ती कापली की ज्याचा नंबरपॅडशी काहीच संबंध नाही असं डिलीट किंवा खालचा बाण मरतो.

म्हणून आधी कटर ब्लेड, मग जंपर (तुटलेली रेघ जोडणारी तार), आणि आरी सगळ्यात शेवटी.

कापायची रेषा अशी धरा. उजव्या बाणाच्या स्विचच्या मध्यापासून उजवीकडे ११ ते १२ मिलिमीटर मोजा. बटणांमधलं अंतर मध्य ते मध्य १९.०५ मिलिमीटर असतं, आणि बाणांचा गट व नंबरपॅड यांच्यात त्याशिवाय पावपट मोकळी जागा सोडलेली असते. म्हणजे उजव्या बाणाच्या मध्यापासून नंबरपॅडच्या शून्याच्या डाव्या कडेपर्यंत जेमतेम १४ मिलिमीटर मिळतात. रेषा स्केल लावून पीसीबीच्या दोन्ही बाजूंना मार्करने ओढा.

आता यूएसबी काढून ठेवा आणि रेषेवरून जाणारी प्रत्येक रेघ कटर ब्लेडने तोडा. तांबं केसापेक्षाही पातळ असतं, दोन-तीनदा ब्लेड फिरवलं की तुटतं. दोन्ही बाजू करा. अर्थचा रुंद तांब्याचा पट्टा रेषेवरून जात असेल तर तोही तोडा. मग कीबोर्ड जोडा, ब्राउझरमध्ये की-टेस्टर उघडा आणि ८७ बटणं एकेक करून दाबा. जी उमटत नाहीत ती कागदावर लिहा. आत्ता चुकलं तर एक थेंब सोल्डर टाकून मागे येता येतं. आरी फिरल्यावर ती सोय नाही.

जंपर चुकीच्या पायावर

मेलेल्या बटणांची यादी बघा. सगळी एकाच उभ्या ओळीत असतील तर कॉलमची रेघ गेली, आडव्या ओळीत असतील तर रोची. मल्टिमीटर बीपवर ठेवून त्याच ओळीतलं एखादं चालू बटण शोधा आणि त्याच्या पायापासून मेलेल्या बटणाच्या पायापर्यंत तार टाका. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती इनॅमलची बारीक जंपर तार चालते. संभाजीनगरात पैठण गेटच्या भागात मोबाइलच्या दुकानांना तोटा नाही.

स्विचला दोन पाय असतात. एक रेघेवर, दुसरा डायोडकडे. जंपर डायोडकडच्या पायावर लावला तर बटण गप्प राहतं किंवा भलतंच अक्षर उमटतं. म्हणून ओळीतल्या दोन चालू बटणांचे पाय आपसात तपासा: ज्या पायांमध्ये बीप होते ते रेघेचे. आणि डायोडच्या पलीकडे बीप झाली नाही म्हणून रेघ तुटली असं समजू नका. तिथे मीटर डायोडच्या खुणेवर न्यायचा. एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसले की डायोड ठीक.

इनॅमल तारेचं टोक आधी गनने तापवून वरचा लेप जाळा, मगच सोल्डरचा टाका लावा. लेप न जाळता लावलेला टाका दिसायला चकचकीत असतो आणि चार दिवसांनी बटण रुसतं.

आपल्याकडची आणखी एक अडचण अर्थिंगची. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, दोन पिनच्या स्वस्त गनला तर अर्थच नसतो, आणि टोकाला विजेची गळती येते. चिपच्या जवळ टाका लावताना कीबोर्ड कशालाही जोडलेला नको आणि गनची पिन त्या क्षणापुरती काढलेली बरी. कूलरच्या झोतात बसून सोल्डरिंग करू नका, टोक थंड पडतं आणि टाका कच्चा राहतो.

पत्र्यासकट कापणे

स्विच लोखंडी पत्र्यात अडकवून पीसीबीला सोल्डर केलेले असतील तर आधी नंबरपॅडचे १७ स्विच काढा. ३४ पाय झाले. दिवे असतील तर आणखी तेवढेच. गन ३५० अंशांच्या आसपास, सोल्डर ओढायचा पंप तयार, आणि एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. नंबरपॅडच्या बाजूचा, पाय बसतो तो तांब्याचा ठिपका उखडला तर बिघडत नाही, तो जाणारच आहे. सराव तिथेच करून घ्या.

पत्रा आणि पीसीबी वेगवेगळे कापा. पत्र्याला ग्राइंडर चालेल, पण उरलेल्या स्विचवर चिकटपट्टी लावा. लोखंडाचा कीस स्विचमध्ये गेला की बटण अडकतं आणि तो कीस निघता निघत नाही. पीसीबीला बारीक दातांची हॅक्सॉ ब्लेड, हलक्या हाताने, मास्क लावून. फायबरची धूळ छातीत जाऊ नये आणि घरच्यांच्याही अंगावर उडू नये, म्हणून अंगणात कापा.

कापलेली कड २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ४००ने घासा. इथे आळस नको. तांब्याचा एक केस वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर वाकला की दोन कॉलम एक होतात.

कव्हर उघडं सोडणे

कव्हर एका रेषेत कापलं तर उजवी बाजू उघडी राहते आणि आपल्या धुळीला आयती वाट मिळते. त्याऐवजी मधली पट्टी काढा. पहिला काप पीसीबीच्या रेषेच्या थोडा बाहेर, दुसरा उजव्या भिंतीच्या अलीकडे, आणि ती भिंत परत आणून चिकटवा. प्लास्टिक एबीएसचं असेल तर त्याच्याच किसाचा एसिटोनमध्ये केलेला लगदा सांधा पक्का धरतो. एसिटोन बटणांवर सांडू देऊ नका. चिकटवण्याआधी स्क्रूची भोकं मोजा. उजवीकडचे सगळे खांब गेले असतील तर कोपरा टाइप करताना डुलेल; तिथे एमसीलचा एक खांब उभा करा.

तरीही चालत नसेल तर

एक बटण दाबलं आणि दोन अक्षरं आली: कड पुन्हा घासा, तांब्याचा केस राहिलाय.

संगणक कीबोर्ड ओळखतच नाही: वायर परत जोडली असेल तर पांढरी आणि हिरवी उलटी झालीय का बघा. लाल ५ व्होल्ट, काळी अर्थ, पांढरी आणि हिरवी डेटाची, असा प्रघात आहे. स्वस्त वायरींत रंग पाळलेले नसतात, म्हणून प्लगपासून बीप करून खात्री करा.

कॅप्स लॉकचा दिवा गेला: दिवे नंबरपॅडच्या वर होते, ते त्याच्यासोबत गेले. ३ मिलिमीटरचा नवा दिवा लावताना जुना रेझिस्टर कापलेल्या तुकड्यावर राहिलाय का बघा. राहिला असेल तर १ किलोओहमचा नवा टाका.

कव्हर बंद केल्यावरच बटणं मरतात, उघडं असताना सगळी चालतात: जंपर तार कव्हरच्या खांबाखाली दाबली जातेय. तार पीसीबीला चिकटपट्टीने बसवा आणि खांबाच्या जागेपासून वळवून न्या.