प्राथमिक शाळेतील वर्तनाचे नियम : ते कसे ठरवावेत, कसे शिकवावेत आणि मोडल्यास काय करावे

जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या भिंतीवर नियमांचा तक्ता लागतो. 'गोंगाट करू नये', 'भांडण करू नये', 'उशिरा येऊ नये', 'कागदाचे कपटे टाकू नयेत' अशा दहा-पंधरा ओळी सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या असतात आणि त्यानंतर त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. यात मुलांचा दोष काढता येत नाही, कारण पहिलीतल्या मुलाला तो तक्ता वाचताच येत नाही आणि चौथीतल्या मुलाला त्यातून काय करू नये एवढेच कळते, त्याऐवजी काय करावे ते कळत नाही. पुढील मार्गदर्शन पहिली ते पाचवीचे वर्ग असलेल्या शाळांतील शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी आहे. गुणाकार जसा दाखवून, सराव करून घेऊन आणि चुका दुरुस्त करत शिकवावा लागतो तसेच वर्तनही शिकवावे लागते, हे गृहीत धरून ते लिहिले आहे.

कायदा काय सांगतो

शिस्तीचा विचार करताना कायद्याची चौकट आधी ठाऊक असावी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 17 नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा देता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही; असे करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. छडी वापरू नये हे आता बहुतेक सर्वांना मान्य आहे, परंतु अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे, उन्हात किंवा बाकावर उभे करणे, 'तू ढ आहेस' असे वर्गासमोर म्हणणे, जातीवरून, आईवडिलांच्या कामावरून किंवा भावंडांवरून टोमणे मारणे हेही याच कलमात मोडते, याची जाणीव तितकीशी दिसत नाही. माझ्या मते टोमणा हा छडीपेक्षा जास्त टिकतो, कारण तो मधल्या सुट्टीत इतर मुलांच्या तोंडी जातो आणि टोपणनाव होऊन बसतो.

कलम 16 नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या बालकाला त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम आहे. म्हणून 'दाखला हातात देईन' ही धमकी कायद्याच्या दृष्टीने पोकळ आहे. शालेय पोषण आहार हा राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 नुसार मुलांचा हक्क असल्यामुळे कोणत्याही कारणाने, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा, कोणाचे ताट रोखून धरता येत नाही. लघवीला जाण्याची परवानगी नाकारणे ही शिस्त नव्हे, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

नियम ठरवणे

नियम चार किंवा पाचच असावेत. ते शाळेच्या पहिल्या पंधरवड्यात मुलांशी बोलून ठरवावेत आणि प्रत्येक नियमात डोळ्यांना दिसेल अशी कृती असावी. 'चांगले वागावे' या नियमाने मुलाच्या हाती काहीच लागत नाही, मात्र 'दुसरा बोलत असताना आपण थांबतो', 'वर्गात चालतो, मैदानावर पळतो', 'दुसऱ्याची वस्तू विचारून घेतो', 'हात आणि पाय स्वतःजवळ ठेवतो' हे नियम सहा वर्षांच्या मुलालाही करून दाखवता येतात. नकाराऐवजी होकाराची भाषा वापरावी, कारण 'पळू नका' असे ऐकल्यावर काय करायचे हे मुलाला स्वतः शोधावे लागते आणि लहान वयात ते नेहमी जमते असे नाही.

मुलांना विचारून नियम करायचे म्हणजे 'कोणते नियम हवेत' असा थेट प्रश्न टाकायचा नाही. तसे विचारले तर मुले शिक्षकांना आवडतील अशीच उत्तरे देतात आणि त्यांनी सुचवलेल्या शिक्षा आपल्यापेक्षा कितीतरी कडक असतात. त्याऐवजी 'वर्गात तुम्हाला कशाचा त्रास होतो' असे विचारावे. 'तो माझे खोडरबर घेतो', 'पाणी पिताना मागून ढकलतात', 'मी वाचायला लागलो की ती हसते' अशी उत्तरे येतात. ती फळ्यावर लिहून, त्रास कमी व्हावा म्हणून आपण सर्वांनी काय करायचे, या प्रश्नातून नियम काढला की तो मुलांना आपला वाटतो. नंदुरबार, पालघर, मेळघाट किंवा गडचिरोलीकडच्या ज्या शाळांत मुलांची घरची भाषा भिली, वारली, कोरकू किंवा गोंडी आहे, तेथे नियम त्या भाषेतही सांगावेत. सूचना न कळल्यामुळे उभे राहिलेले मूल उद्धट ठरवले जाते, असे प्रसंग घडतात.

पहिली-दुसरीच्या वर्गात तक्त्यावर शब्दांऐवजी चित्रे काढावीत. नियम शिक्षकांनाही लागू असतील हे सांगावे आणि पाळावेही. मोबाईलवर बोलत वर्गात शिरणाऱ्या शिक्षकाने 'दुसरा बोलत असताना आपण थांबतो' हा नियम शिकवणे अवघड आहे.

नियम शिकवणे

शाळेच्या दिवसात गडबड होण्याच्या जागा ठरलेल्या असतात. परिपाठाला रांगा लावताना, तास बदलताना, मधल्या सुट्टीत नळावर आणि शाळा सुटताना दप्तरे उचलताना बहुतेक भांडणे होतात. या प्रत्येक जागेची कृती वेगळी बसवून घ्यावी लागते.

पोषण आहाराच्या वेळी हात धुण्याचे उदाहरण घेऊ. घंटा झाली की साठ मुले दोन नळांकडे धावतात, पुढची ओली होतात, मागची ढकलतात आणि खिचडी वाढेपर्यंत दोघेतिघे रडत असतात. यावर ओरडण्यापेक्षा आठवडाभर रोज दहा मिनिटे खर्च करावीत. प्रथम शिक्षकाने स्वतः ताट घेऊन चालत नळापर्यंत जावे, समोरच्या मुलामागे एक हात अंतर ठेवून उभे राहावे, साबण लावताना नळ बंद करावा, हात झटकून बाजूने बाहेर पडावे आणि हे करताना प्रत्येक पायरी मोठ्याने सांगावी. नंतर दोन मुलांनी तेच करून दाखवावे व बाकीच्यांनी काय बरोबर झाले ते सांगावे. मग एका गटाने करावे. जमिनीवर खडूने किंवा रंगाने उभे राहण्याच्या खुणा काढाव्यात आणि इयत्तावार दोन-तीन मिनिटांच्या अंतराने मुले सोडावीत. आठवड्याच्या शेवटी लक्षात येते की निम्मा प्रश्न मुलांच्या वर्तनाचा नव्हताच. एकाच वेळी सगळे वर्ग सोडण्याचा होता. द्विशिक्षकी शाळेत, जेथे एक शिक्षक अनेकदा टपालाच्या किंवा ऑनलाइन माहितीच्या कामात अडकलेला असतो, अशी घडी बसवण्याचा लाभ अधिकच होतो.

लक्ष वेधण्यासाठी एकच खूण ठरवावी. टाळ्यांचा ठेका, वर केलेला हात किंवा एखादी छोटी घंटा यांपैकी काहीही चालेल, पण ती सर्व शिक्षकांची सारखी असावी. टेबलावर डस्टर आपटणे ही खूण होऊ शकत नाही, कारण तिचा आवाज दरवेळी वाढवावा लागतो.

मूल नियमाप्रमाणे वागले की ते शब्दांत सांगावे आणि नेमके सांगावे. 'शाब्बास' पुरेसे नाही. 'तू गोट्या मोजायला दोघांना वाट करून दिलीस, म्हणून तुमच्या गटाचे काम लवकर झाले' असे म्हटले की कोणती कृती चांगली होती ते कळते. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात सर्व नियम पुन्हा शिकवावेत, कारण लांब सुट्टीनंतर मुले ते विसरलेली असतात.

नियम मोडल्यास

परिणाम चुकीशी जोडलेला असावा, लगेच घडावा आणि त्याच दिवशी संपावा. पाणी सांडले तर फडके आणून पुसावे, दुसऱ्याची पेन्सिल मोडली तर स्वतःची द्यावी, तास चालू असताना शेजाऱ्याशी खेळत राहिले तर त्या तासापुरती जागा बदलावी. 'मी बोलणार नाही' हे वाक्य शंभर वेळा लिहायला लावण्यात चूक आणि परिणाम यांचा काही संबंध राहत नाही, उलट लिहिणे ही शिक्षा आहे एवढे मात्र मूल नक्की शिकते. खेळाचा तास काढून घेणेही टाळावे, कारण ज्याला एका जागी बसवत नाही त्यालाच त्या तासाची सर्वांत जास्त गरज असते. एकाच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाला उभे करणे अन्यायाचे आहे आणि त्यातून त्या एका मुलाला सुट्टीत मार बसतो.

मॉनिटरने बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची ही पद्धत अनेक शाळांत अजून आहे. ती बंद करावी. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दुसऱ्याला शिक्षा मिळवून देण्याची सत्ता दिली की मित्रांची नावे गळतात, चॉकलेट देणाऱ्यांची पुसली जातात आणि एकदोघांची रोज लिहिली जातात. मॉनिटरला वह्या वाटणे, पाण्याची टाकी झाकली आहे का पाहणे, परिपाठाची सामग्री मांडणे अशी कामे द्यावीत. भांडण सोडवणे हे शिक्षकाचेच काम आहे.

दोघांचे भांडण झाले तर आधी दोघांना वेगळे करावे आणि पाणी द्यावे. रडणाऱ्या किंवा रागाने थरथरणाऱ्या मुलाला 'असे का केलेस' हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. ते शांत झाल्यावर, इतर मुलांपासून थोडे दूर पण सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, प्रत्येकाला काय घडले, तेव्हा तुला काय वाटले, दुसऱ्याला काय झाले असेल आणि आता काय करता येईल हे क्रमाने विचारावे. एक बोलत असताना दुसऱ्याला मध्ये बोलू देऊ नये. माफी मागायला जबरदस्ती करू नये. 'सॉरी म्हण' असे दरडावल्यावर उमटलेला शब्द दोघांनाही खोटा वाटतो. नुकसान भरून काढण्याची एखादी कृती त्याच्याकडूनच सुचवून घ्यावी.

उशिरा येणाऱ्या मुलाला फाटकाबाहेर उभे करणे धोक्याचे आहे, कारण शाळेच्या वेळेत बाहेर थांबलेल्या मुलाला काही झाले तर जबाबदारी शाळेचीच ठरते. त्याला आत घ्यावे, जागेवर बसू द्यावे आणि कारण नंतर विचारावे. बहुतेक वेळा ते कारण घरातल्या मोठ्यांच्या हातचे असते.

वारंवार तेच घडत असेल तर

एखाद्या मुलाचे नाव रोज पुढे येऊ लागले तर दोन आठवडे निरीक्षण वहीत साध्या नोंदी ठेवाव्यात. काय घडले, किती वाजता, कोठे, त्याच्या आधी काय चालले होते आणि आपण काय केले एवढेच लिहावे. 'खोडकर', 'आगाऊ', 'हट्टी' हे शब्द नोंदीत नसावेत, कारण त्यांतून पुढे काय करावे ते समजत नाही. नोंदी एकत्र वाचल्या की आकार दिसतो. वाचनाच्या तासालाच दंगा करणाऱ्या मुलाला वाचता येत नसते, सकाळीच चिडणारे मूल उपाशी आलेले असते, हाक मारल्यावर न वळणाऱ्याला ऐकू कमी येत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी शाळेत येते तेव्हा ही नोंद त्यांना दाखवावी आणि पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवण्याबाबत पालकांशी बोलावे. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समाविष्ट आहे, त्यामुळे तालुक्याच्या समावेशित शिक्षण विषयतज्ज्ञांची मदत मागता येते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा उल्लेख वेगळा केला पाहिजे. बीड, अहिल्यानगर, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा मुलाला परतल्यावर रांग, घंटा, तास यांची सवय नव्याने लावावी लागते. तारा मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात काम करताना गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. शाळेची रीत मुलाच्या जगण्याकडे किती सरकवता येते याचे ते महाराष्ट्रातले ठळक उदाहरण आहे. आपल्याकडून निदान पहिला आठवडा सवलतीचा आणि एक समजूतदार सोबती एवढे तरी व्हावे.

पालकांशी बोलणे

'गुरुजी, ऐकला नाही तर दोन लगवा, आम्ही काही म्हणणार नाही' असे सांगणारे पालक आजही भेटतात. कायद्याचा धाक न दाखवता 'तुम्ही म्हणता ते काळजीपोटी आहे हे समजते, पण मारल्यावर तो माझ्यासमोर गप्प बसेल आणि माझ्यामागे तेच करील. घरी तो कोणाचे ऐकतो ते मला सांगा' असे उत्तर द्यावे. तक्रारीसाठीच पालकांना बोलावले जात असेल तर ते येणे टाळतात, म्हणून वर्षातली पहिली भेट चांगली बातमी सांगण्यासाठी घ्यावी. दिवसभर मजुरीवर जाणाऱ्या आईला अकरा वाजता बोलावणे म्हणजे तिचा रोज बुडवणे होय. सकाळी शाळा भरण्याआधी किंवा संध्याकाळी भेटावे. मुलासमोर त्याच्या चुकांची यादी वाचू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. वर्तनाचे नियम व त्यांचे परिणाम या समितीच्या सभेत वाचून दाखवून इतिवृत्तात नोंदवावेत, म्हणजे पुढे वाद झाल्यास शाळा काय ठरवून वागत होती हे कागदावर असते.

शिक्षकाने स्वतः मिटवू नयेत अशा गोष्टी

अंगावर दुखापतीच्या खुणा, घरी मारहाण झाल्याचे मुलाचे बोलणे, लैंगिक छळाचा संशय या गोष्टी वर्तनाच्या वहीत लिहून ठेवायच्या नसतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 नुसार अशा अपराधाची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून ते आपसात मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. मुलाने सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत, त्याला पुन्हा पुन्हा विचारू नये, आरोप असलेल्या व्यक्तीसमोर उभे करू नये आणि मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगावे. मदतीसाठी 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो; तो शाळेच्या दर्शनी भागात मुलांच्या उंचीवर लिहिलेला असावा.

तक्रार शिक्षकाविरुद्धच असेल तर पालकांनी प्रथम मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि त्याने दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. चौकशी चालू असताना त्या मुलाची वर्गातली जागा, त्याचे मूल्यमापन आणि त्याच्याशी इतर शिक्षकांचे बोलणे यांत फरक पडू नये, याकडे मुख्याध्यापकांनी स्वतः लक्ष द्यावे.