रिंग काढून बघितल्याशिवाय गोळी नको

पेसरी, म्हणजे गर्भाशय खाली येऊ नये म्हणून योनीत ठेवायची रिंग, कशी बसवायची ते ट्रेनिंगमध्ये शिकलाच असाल. मी लिहितेय ते बसवल्यानंतरच्या महिन्यांबद्दल. माझी चूक तिथं झाली आणि ती अजून मनातून जात नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एक आज्जी, सत्तरी ओलांडलेल्या. अंग बाहेर येत होतं, ऑपरेशन नको म्हणाल्या, म्हणून रिंग बसवलेली. चार महिन्यांनी आल्या. "बाई, पांढरं जातंय, वास मारतोय." बाहेर रांग होती. मी डॉक्टरांना तेवढंच सांगितलं, मेट्रोनिडॅझोल ही जंतू मारायची गोळी लिहून मिळाली, आज्जी गेल्या. तीन आठवड्यांनी परत दारात. वास मधे गेला होता, पुन्हा आला, आणि आता लुगड्याला तांबूस डाग. रिंग काढली तर गर्भाशयमुखाच्या मागच्या खोबणीत रुपयाएवढी जखम.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, योनीचं अस्तर कागदासारखं पातळ होतं. लॅक्टोबॅसिलस हे तिथले चांगले जंतू कमी होतात, एरवी 3.8 ते 4.5 असणारा पीएच 5 च्या वर जातो, म्हणजे आम्लता घटते. त्यात रिंगची कड दिवसरात्र एकाच जागी दाबते. गोळीनं जंतू कमी होतात, दाब तसाच राहतो. रिंग आत ठेवून स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं दोन पात्यांचं साधन) घातला तर नेमकी तीच जागा झाकलेली असते. म्हणून आधी रिंग काढा, साबणपाण्यानं धुवा, मग बघा. आणि स्पेक्युलम फिरवून बघा. पुढची-मागची भिंत त्याच्या पात्यांखालीच लपते. सिनियर म्हणतील, "रिंग असली की पांढरं जातंच." ऐकून घ्या, आणि तरी काढून बघा.

तसं त्यांचं म्हणणं खोटंही नाही. वास नाही, खाज नाही, नुसतं पातळ पांढरं जातंय, तर घाबरायचं कारण नसतं. बाईला घाबरवू तर अजिबात नका, घाबरलेली बाई परत येत नाही. जखमही बहुतेकदा भरते: दोन-चार आठवडे रिंग बाहेर, डॉक्टरांनी सांगितलं तर इस्ट्रोजेनची क्रीम. न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायला जायलाच हवा. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर रिंगवर ढकलून मोकळं होऊ नका, डॉक्टरांना दाखवाच.

सगळ्यात वाईट म्हणजे विसरलेली रिंग. वर्षानुवर्षं राहिली तर मांसात रुतते, लघवीच्या पिशवीला नाहीतर गुदाशयाला भोक पडू शकतं. स्वतः काढता-घालता येत नसेल तिला तीन ते सहा महिन्यांनी बोलवा. आज्जींच्या कार्डावरची सूचना कन्नडमध्ये होती, घरात वाचणारा नातू मराठी शाळेतला. आता मी मागच्या बाजूला मराठीत लिहिते, "आत रिंग आहे", आणि सुनेकडून मोठ्यानं वाचून घेते. ऊसतोडीला जाणारी असेल तर गाव कधी सोडणार ते विचारून तारीख त्याआधीची देते.

आज्जींची जखम महिन्याच्या आत भरली. आता एक नंबर लहान रिंग आहे.