आधी हत्तीचे पाय बघा, पाटी नंतर वाचा

बत्तीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली. त्यातली शेवटची काही आजरा-चंदगडकडं. त्यामुळं हत्ती म्हटलं की मला आधी मोडलेल्या केळी, आडवा झालेला ऊस आणि रात्रभर फटाके वाजवत बसलेली माणसं आठवतात. तिकडं त्याला हत्ती फारसं कुणी म्हणतही नाही. ‘टस्कर (सुळेवाला) आलाय’ एवढंच. दुसरा हत्ती देवळातला. आम्ही कोल्हापूरची माणसं, साठमारीच्या, म्हणजे हत्तीला डिवचून त्याच्याशी झुंजायच्या खेळाच्या गोष्टी ऐकत वाढलेली. ज्योतिबाच्या देवळाचा हत्ती सुंदर २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा प्राणी उद्यानात गेला. २०२५ च्या जुलैत नांदणीच्या जैन मठाची हत्तीण माधुरी गुजरातेतल्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली, तेव्हा तर घरोघरी जेवणाच्या ताटावर वाद झाले. ती मठातच राहावी म्हणणारे आणि तिकडंच बरी म्हणणारे, मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटत होतं आणि तसं बोलून दाखवल्यामुळं मी दोन्ही बाजूंचं ऐकूनही घेतलं.

हे सांगायचं कारण, त्याच डिसेंबरात आम्ही थायलंडला गेलो. बायको, मुलगा-सून आणि नऊ वर्षांचा नातू. चियांग माईला चार दिवस. नातवाला हत्ती बघायचा होता. बायकोची अट होती की हत्तीला त्रास होईल असं काही नको. आणि अशी जागा शोधायचं काम घरातल्या डॉक्टरवर आलं. परत आल्यापासून निम्मी गल्ली मला विचारते की कुठं गेला होता, कसं जायचं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

थायलंडचा हत्ती आपल्या देवळातल्या हत्तीसारखा नाही, हे आधी समजून घ्या. तिथले पुष्कळ पाळीव हत्ती पूर्वी जंगलात ओंडके ओढायचे. १९८९ मध्ये तिथल्या सरकारनं जंगलतोडीवर बंदी घातली आणि हत्ती नि माहूत दोघंही बेकार झाले. बेकार माणूस उसनवारीवर चार महिने काढतो. रोज दीडशे किलोच्या आसपास चारा खाणारा हत्ती कसा काढणार? मग काही शहरांच्या रस्त्यांवर भीक मागत फिरले, बरेचसे पर्यटनात आले. पाठीवर हौदा, सोंडेत कुंचला, फुटबॉल, सगळं त्यातून आलं. शिवाय तिथं पाळीव हत्ती १९३९ च्या कायद्यानं ओझ्याच्या जनावरांत मोडतो, म्हणजे बैल-म्हशीच्या रांगेत. आपल्याकडं तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. त्यामुळं तिथं हत्ती विकत घेता येतो, भाड्यानंही आणता येतो. हे भाड्याचं प्रकरण लक्षात ठेवा.

आता जागा कशी निवडायची. ‘सँक्च्युअरी’, ‘रेस्क्यू’, ‘इको’ हे शब्द चियांग माईत चहाच्या टपरीइतके जागोजागी दिसतील. त्यावर जाऊ नका. माझा नियम सोपा आहे: जिथं तुम्हाला कमीत कमी करायला मिळतं, ती जागा बरी. स्वारी नाही हे आता सगळेच सांगतात. खरा प्रश्न अंघोळीचा. बुकिंगच्या आधी मेसेज करून विचारा, ‘हत्तीला अंघोळ घालता येते का?’ उत्तर ‘हो, हो, चिखलाची पण!’ असं आलं तर दुसरीकडं बघा. हत्तीला पाणी आवडतं, पण त्याला वाटेल तेव्हा. सकाळी एक गट, दुपारी एक गट, प्रत्येक वेळी दहा अनोळखी माणसं बादल्या घेऊन अंगाला भिडलेली, आणि नको म्हणायची सोय नाही. एवढं मोठं जनावर पाण्यात माणसांच्या घोळक्यात गप उभं राहतं, ते अंकुशाच्या आठवणीनंच. सगळीच उभी राहतात असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये हत्तीला अंघोळ घालताना एक तरुण स्पॅनिश विद्यार्थिनी दगावली.

दुसरा प्रश्न पिल्लांचा. पिल्लू आहे का, ते तिथंच जन्मलं का, आई कुठं आहे? दर वर्षी नवं पिल्लू दाखवणारी जागा म्हातारे हत्ती सांभाळायला काढलेली नाही. तिसरा प्रश्न, रात्री हत्ती कुठं असतात? मोकळा कुंपणाचा भाग असेल तर उत्तम. साखळी असेल तर किती लांब, हे विचारा. लाजू नका, चांगली माणसं सरळ सांगतात. आणि चौथा, हत्ती तुमचे की भाड्याचे? भाड्याचा हत्ती मालकाला परवडला पाहिजे, म्हणजे तो रोज कमावला पाहिजे, म्हणजे त्याला दुखलं-खुपलं तरी सुट्टी नाही. आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात बैलांचं काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या क्षेत्रात तिथलं सगळ्यांत जाणतं नाव म्हणजे लेक चैलर्ट यांनी उभारलेलं एलिफंट नेचर पार्क. चियांग माईच्या उत्तरेला साधारण साठ किलोमीटरवर, मे तेंगच्या खोऱ्यात. ऑक्टोबर २०२४ च्या पुरात तिथले दोन हत्ती गेले, ती बातमी आपल्याकडंही आली होती. आम्ही त्याच खोऱ्यातल्या एका लहान जागी गेलो, पाच हत्तिणींच्या. नाव देत नाही, कारण अशा जागा मालक बदलला की सहा महिन्यांत बदलतात आणि मग लोक मला धरतात.

खरं म्हणजे आमचं पहिलं बुकिंग दुसरीकडं होतं. हॉटेलच्या काउंटरवरच्या माहितीपत्रकात ‘नो रायडिंग, नो हुक’ (स्वारी नाही, अंकुश नाही) असं ठळक छापलेलं, दर बरा, मुलानं पैसे भरून टाकले. तिथं उतरलो तर फाटकाजवळच एक पिल्लू, पुढचा पाय हातभर साखळीला, आणि ते डोलतंय. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. शेजारची एक बाई म्हणाली, किती गोड नाचतंय. गोठ्यात कायम बांधलेलं जनावर कसं डोलतं ते मी जन्मभर बघितलंय. त्याला नाच म्हणत नाहीत. माहुताच्या हातात अंकुश नव्हता, पण मूठ मिटलेली होती आणि ती मूठ हत्तीच्या कानामागं गेली की हत्ती वळत होता. मुठीत खिळा धरतात. आम्ही तसेच परत फिरलो. पैसे बुडाले. नातू गाडीत दहा मिनिटं रडला, मग झोपला.

दुसऱ्या जागेचे माणशी सतराशे भात पडले. ‘भात’ हे तिथल्या पैशाचं नाव, म्हणजे साधारण पावणेपाच हजार रुपये. नेणं-आणणं आणि जेवण त्यात. सकाळी साडेसातला व्हॅन हॉटेलच्या दारात, दीड तास रस्ता, शेवटचा भाग घाटाचा. गाडी लागणाऱ्यांनी पोटभर नाश्ता करू नये. दुपारी दोनपर्यंत परत. बरोबर जुने कपडे, घट्ट बसणारे बूट किंवा पट्ट्याच्या चपला, टोपी, पाणी. पावसाळ्यात जाणार असाल तर जळवांची तयारी ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सगळ्यांत बरा. त्यानंतर एप्रिलपर्यंत तिथं शेतं आणि डोंगर पेटवतात, धुरानं समोरचा डोंगर दिसत नाही. आणि कुणाला खोकला असेल तर त्यानं मागं राहावं. माणसाचा क्षय हत्तीला होतो. हे तिथं कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगतोय.

आत गेल्यावर सगळे वर बघतात. तुम्ही खाली बघा. हत्तीची तब्येत पायात असते. पुढच्या पायाला पाच नखं, मागच्याला बहुधा चार. नखं उभी चिरलेली, त्यांच्यामधून पू किंवा कुबट वास, एक पाय सारखा उचलून धरणं, ही सिमेंटवर आयुष्य काढल्याची खूण. सांभाळलेल्या हत्तींत पायाचा आजार हे मोठं दुखणं. नखांच्या बुडाशी कातडी ओलसर दिसली तर घाबरू नका, हत्तीला घाम येतो तो तिथंच.

मग कान आणि शेपूट. निरोगी हत्ती स्वस्थ उभा नसतो. कान हलतात, शेपूट हलते, सोंड काहीतरी चाचपत असते, पण यांना एक ताल नसतो. ताल धरून तेच ते चालू असेल तर ते डोलणं. मग कपाळ, कानामागचा भाग आणि पुढच्या पायाचा घोटा बघा. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. चांगल्या जागीही व्रण दिसतील, उलट जास्तच दिसतील, कारण तिथं वाईट ठिकाणांहूनच हत्ती आलेले असतात. बघायचं ते व्रण पांढरा पडलेला, जुना आहे की ओला. आम्ही ज्या हत्तिणीजवळ सगळ्यांत जास्त थांबलो तिच्या पायाला साखळीचा गोल वळ होता, बोट बसेल एवढा खोल, पण वरची कातडी कोरडी. पाठीचा कणा मधून दबलेला. हौद्याचं ओझं. वय गाइडनं साठीच्या पुढचं सांगितलं. मला ते पटलं, कारण कानाची वरची कड चांगलीच पुढं दुमडलेली होती आणि कानशिलं खोल गेली होती.

तिच्यासाठी आम्हाला गोळे वळायला दिले. शिजवलेला भात, कोंडा, चिंच, पिकली केळी, थोडं मीठ. आपल्या पुरणाएवढा घट्ट गोळा करायचा. बायकोला हे काम लगेच जमलं आणि तिनं दोन जर्मन मुलींना शिकवलं, एका शब्दाचीही भाषा सामाईक नसताना. गोळे कशाला, तर हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. सहावा झिजला की ऊस चावता येत नाही. खात्री करायची असेल तर लीद बघा. नातवानं काठीनं एक गोळा उसवला, माझ्या सांगण्यावरून, सूनबाईंच्या इच्छेविरुद्ध. आत वीतभर लांब धागे तसेच. तरण्या हत्तिणीच्या लिदीत ते बरेच बारीक होते. त्या तरणीला अख्खा भोपळा दिला, तर तिनं तो पायाखाली घेतला आणि इतक्या हळू दाब दिला की भोपळा फुटला, पण पिचला नाही. मग एकेक फोड सोंडेच्या टोकाच्या बोटानं उचलून झटकली, आणि मातीला लागलेली तेवढी बाजूला टाकली.

खायला घालणं झालं की गट पांगायला लागतो. फोटो झालेले असतात. खरं बघणं तिथून पुढं, तेव्हा जागा सोडू नका. कठड्याच्या अलीकडं, हत्तीला तुम्ही दिसाल असं कडेला उभं राहा. मागं जाऊ नका आणि दोन हत्तींच्या मधे तर मुळीच नको. फ्लॅश बंद. मुलांना आधीच सांगून ठेवा की पळायचं नाही, ओरडायचं नाही. आमचा गाइड वीस मिनिटं काही बोलला नाही, ही मी त्याची हुशारी समजतो. त्या वेळात म्हातारी सावलीत गेली, अंगावर माती उडवून घेतली, तरणी तिच्यामागं आली आणि तिच्या तोंडात सोंडेचं टोक घालून काय खाल्लंस ते बघितलं. मग दोघींनी बारीक चीं-चीं आवाज काढला. एवढ्या देहातून उंदरासारखा आवाज, नातू खो खो हसला. बायकोनं लांबूनच हात जोडले. तिला सोंड डोक्यावर घेऊन आशीर्वाद हवा होता, गाइडला विचारलंही. तो नको म्हणाला. ती मला म्हणाली, बरं झालं नको म्हणाला.

जेवणाचं एक सांगतो, विशेषतः आपल्या जैन मंडळींसाठी. ‘व्हेज’ म्हटलं तरी तिथं माशाचा सॉस पडू शकतो. ‘जे’ म्हणायचं. हा तिथला कडक शाकाहार, त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, कांदा-लसूणही नसतो. बुकिंग करतानाच कळवा.

माहुताला निघताना शंभर-दोनशे भात हातात द्या, ऑफिसच्या पेटीत नको. दिवसभर तोच हत्तीबरोबर असतो. आमच्याकडचा माणूस डोंगरातल्या करेन समाजाचा होता, जेमतेम तिशीचा. मी त्याला खुणेनं सांगितलं की आपण दोघं एकाच धंद्यातले, मी म्हशींचा, तू हत्तीचा. मग त्याला आमच्याकडची जुनी युक्ती दाखवली. म्हातारीच्या पुढच्या पायाचा ठसा ओल्या मातीत चांगला उमटला होता. नातवाच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, ठशाच्या कडेनं फिरवल्या आणि मोजल्या. पाच विती, म्हणजे पावणेचार फूट. पुढच्या पायाच्या घेराची दुप्पट केली की खांद्यापर्यंतची उंची येते. साडेसात फूट. गाइडनं ते मीटरमध्ये करून सांगितल्यावर माहूत आत गेला आणि वही घेऊन आला. वहीतला आकडा आणि आमचा आकडा यांच्यात चार बोटांचा फरक होता.

चूक माझ्या वितीची. तुम्ही जाताना शिंप्याचा टेप घेऊन जा.